किडे वाचवायचे म्हणजे नक्की काय करायचं? सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी आम्ही काही जण कधी नान्नजच्या माळावर, तर कधी विजापूर रोडच्या वनविहारात फिरायला जातो. पक्षी बघायला म्हणून आलेली माणसं थोड्या वेळानं खाली वाकून गवतात बघायला लागतात आणि मग प्रश्न सुरू होतात. दर वेळी फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. काही उत्तरं लांबली आहेत आणि काही एका ओळीत उरकली आहेत. दोन्ही तशीच राहू दिली.

किडे कमी झाले तर बरंच झालं की! वाचवायचे कशाला?

हे विचारणाऱ्याला मी आधी शेणाबद्दल विचारतो. गायरानात रोज इतकी जनावरं चरतात, शेण टाकतात. गोवऱ्यांसाठी बायका उचलतात ते सोडलं तरी पुष्कळ उरतं. मग सगळं गायरान शेणानं का भरून जात नाही?

आपल्याकडे वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही मोठमोठे खंड देत पडणारा. कोकणात पालापाचोळा ओलीनं कुजतो. बुरशी आणि जिवाणू ते काम करतात, पण त्यांना ओल लागते. आपली जमीन वर्षातले सात-आठ महिने ठणठणीत कोरडी. अशा ठिकाणी वाळलेलं गवत, काटक्या, शेण, मेलेलं जनावर परत मातीत घालायचं बरंचसं काम किड्यांवर येऊन पडतं. वाळवी काटक्या खाते आणि मुंग्या बाकीचं उचलून बिळात नेतात. शेणकिडे शेणाचे गोळे करून ढकलत नेतात, नाहीतर शेणाखालीच बोगदे खणून ते आत ओढतात. पावसाळ्यात शेणाचा ताजा पोव काडीनं उलटून बघा, चाळणीसारखा झालेला दिसेल.

हे किडे नसले तर काय होतं, ते ऑस्ट्रेलियानं बघितलंय. तिथं गाई बाहेरून नेलेल्या. तिथल्या शेणकिड्यांना कांगारूच्या कोरड्या लेंड्यांची सवय, गाईच्या पातळ शेणाला ते तोंड लावेनात. कुरणं शेणाच्या पापुद्र्याखाली झाकली जाऊ लागली, त्याखाली गवत उगवेना आणि त्या शेणात माश्यांची पैदास मोकाट सुटली. शेवटी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या शास्त्रज्ञांनी आफ्रिकेतून आणि युरोपातून शेणकिडे आणून सोडायला सुरुवात केली. एवढा खर्च करून त्यांनी मागवलेलं काम आपल्या गायरानात फुकट चाललेलं असतं. आपण मात्र जनावरांना गोचिडांसाठी आयव्हरमेक्टिनसारखी औषधं टोचतो आणि ती शेणातून बाहेर पडून शेणकिड्यांच्या अळ्या मारतात. औषध देऊच नये असं नाही. पण सरसकट, दिवस मोजून, गरज नसताना देऊ नये.

सोलापुरात आहे काय? माळ आणि ऊन. इथं कसले आलेत किडे?

मे महिन्यात माळावर उभं राहिलं तर हा प्रश्न रास्तच वाटतो. ४२-४३ अंशांत तिथं माणूसही टिकत नाही. पण किडे गेलेले नसतात. अंडी मातीत असतात, कोष दगडाखाली असतात, मुंग्या हातभर खाली गेलेल्या असतात. मृगाचा पाऊस पडला की दोन दिवसांत पंख फुटलेली वाळवी जमिनीतून उसळते आणि आठवड्याभरात कुसळी गवतात बोटाच्या पेराएवढे नाकतोडे उड्या मारायला लागतात. भाद्रपदात त्याच माळावर चालताना प्रत्येक पावलाला दहा-बारा नाकतोडे उडतात.

माळाला सरकारी कागदावर ‘पडीक’ म्हणतात. माझ्या मते या एका शब्दानं जेवढं नुकसान केलंय तेवढं दुष्काळानंही केलं नसेल.

मग माळावर झाडं लावली तर किड्यांचं भलं होईल ना?

नाही. माळ म्हणजे तोडलेलं जंगल नव्हे. हजारो वर्षं गवत, काटेरी झुडपं आणि चरणारी जनावरं यांचं ते स्वतःचं नांदतं घर आहे. तिथं गिरिपुष्पाच्या नाहीतर सुबाभळीच्या दाट ओळी लावल्या की गवतावर सावली येते, गवत जातं, गवतावरचे किडे जातात आणि त्यांच्यामागं पक्षी जातात. झाडं लावायची हौस असेल तर शहरात, रस्त्याकडेला, बांधावर लावा. तीही आपली: लिंब, बाभूळ, हिवर, बोर, करंज. माळाला गवत राहू द्या.

माळढोकाचा आणि किड्यांचा काय संबंध?

माळढोक पक्षी धान्य खातो, बोरं खातो, सरडेही खातो. पण पावसाळ्यात, म्हणजे त्याच्या विणीच्या दिवसांत, त्याच्या ताटात मुख्यतः नाकतोडे आणि भुंगेरे असतात. पिलाला तर पहिले काही आठवडे किडेच लागतात. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं. सुरुवातीला त्याच्या हद्दीत साडेआठ हजार चौरस किलोमीटर धरले होते. त्यात गावं, शेतं, रस्ते सगळंच आलं, आणि भांडणंही. २०१२ मध्ये हद्द घटवून ती १,२२२ चौरस किलोमीटरवर आणली. पक्षी मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. जगातच तो अतिसंकटग्रस्त आहे.

शिकार, विजेच्या तारा, कुत्री अशी कारणं सगळे सांगतात आणि ती खरीच आहेत. त्यांच्यात एक कारण दडून राहतं, ज्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. उजनी धरणाचं पाणी आलं, माळ नांगरून ऊस आणि द्राक्षं झाली आणि फवारणी सुरू झाली. पक्ष्याला उभं राहायला जागा उरली तरी पिलाला भरवायला नाकतोडा हवाच. चंडोल, धाविक, तित्तिर सगळ्यांचं तेच. फार कशाला, अंगणातली चिमणी दाणे टिपते, पण पिलाच्या चोचीत ती अळ्या घालते. चिमण्या गेल्या म्हणून हळहळणारी माणसं अंगणातल्या अळ्यांवर पावडर मारतात, तेव्हा काय बोलावं ते सुचत नाही.

मधमाश्या संपल्या तर चार वर्षांत माणूस संपेल, असं आइन्स्टाइन म्हणाला होता ना?

तो असं म्हणाल्याचा पुरावा नाही. शिवाय ते खरंही नाही.

मंगळवेढ्याची मालदांडी वाऱ्यावर आणि स्वतःच्याच परागांवर दाणा धरते. गव्हाचं, बाजरीचं, मक्याचंही मधमाशीवाचून अडत नाही. शेंगदाण्याचं फूल स्वतःचं स्वतः उरकतं, त्यामुळे शेंगा चटणीलाही धोका नाही. करमाळ्याची केळी तर फलन न होताच धरतात. म्हणजे भाकरी, चटणी आणि वर एक केळ एवढं ताटात नक्की राहील.

बाकीच्या ताटाचं बघू. सूर्यफुलाला मधमाशी मिळाली नाही की फूल दिसायला मोठं, पण आत पोचट दाणे. म्हणून कृषी खातं सांगतं की माश्या कमी असतील तर सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान फुलावरून हलकेच हात फिरवा. एकरभर फुलांवर असा हात फिरवायचा तर मजुरीचा हिशेब काय होईल, तो शेतकऱ्यालाच विचारा. दोडका, कारली, दुधी, काकडी, भीमेच्या वाळूतलं कलिंगड यांची नर आणि मादी फुलं वेगवेगळी असतात. पराग कुणी नेऊन पोचवला नाही तर फळच नाही. तुरीला, करडईला माश्यांनी फायदा होतो. कांदा खायला माशी लागत नाही, पण कांद्याचं बी धरायला लागते. आंब्याच्या मोहोरावर मधमाशीपेक्षा साध्या माश्यांचीच गर्दी जास्त असते, आणि बोराचंही तसंच.

सगळ्यात गमतीशीर सीताफळ. बार्शीकडे सीताफळाच्या एवढ्या बागा आहेत, पण त्या फुलावर मधमाशी क्वचितच जाते. फूल आधी मादी असतं आणि नंतर नर होतं, त्यामुळे स्वतःचा पराग स्वतःला मिळत नाही. ते जाड पाकळ्यांचं अर्धवट उघडं फूल, आतून आंबूस वासाचं. त्यात दाण्याएवढे बारीक भुंगेरे शिरतात आणि एका फुलातला पराग दुसऱ्यात नेतात. हे भुंगेरे पाडाला आलेल्या, सडक्या फळांवर वाढतात. बाग आरशासारखी स्वच्छ ठेवली की तेही कमी होतात आणि मग माणसं ब्रश घेऊन फुलाफुलाला पराग लावत बसतात.

जगातल्या पिकांच्या प्रकारांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त पिकांना परागवाहक प्राण्यांची थोडीफार तरी गरज असते, असं २०१६ चा जागतिक पातळीवरचा आढावा सांगतो. वजनानं बघितलं तर अशा पिकांचा वाटा साधारण ३५ टक्के. उपासमार होणार नाही, पण ताट फिकं पडेल आणि महाग होईल.

डाळिंब फुलोऱ्यात आहे, फवारणी करू की नको?

सोलापूर म्हणजे डाळिंब. केगावला २००५ पासून डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, २०१६ मध्ये सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे हा प्रश्न येणारच.

डाळिंबाला दोन प्रकारची फुलं येतात. घंटेसारखी निमुळती असतात ती नर, ती गळून जातात. बुडाशी फुगीर, मडक्यासारखी असतात त्यांचं फळ होतं. मधमाशी दोन्हींवर फिरते आणि फळधारणा वाढते. बहर मृगाचा असो, हस्ताचा असो की आंबिया, फुलोऱ्याच्या दिवसांत कीटकनाशक टाळायचं. अगदीच गळ्याशी आलं तर सूर्य मावळल्यावर फवारा, तेव्हा माश्या पोळ्यावर परतलेल्या असतात. सकाळी सात ते अकरा हा त्यांचा कामाचा वेळ, आणि नेमका तोच आपला फवारणीचा.

आणखी एक गोष्ट, जी पुन्हा पुन्हा सांगावी लागते. डाळिंबावरचा तेल्या रोग जिवाणूमुळे होतो. त्याच्यावर कीटकनाशक मारणं म्हणजे ताप आला म्हणून पायाला मलम लावणं. दुकानदारानं तीन बाटल्या एकत्र करून दिल्या तर त्यातली कुठली कशासाठी, हे विचारून घ्या.

म्हणजे शेतकऱ्यानं कीड खाऊ द्यायची का?

असा सल्ला देणाऱ्याला आधी एक वर्ष तूर लावायला सांगा. शेंगा पोखरणारी अळी सुटली की पंधरा दिवसांत पीक हातचं जातं. डाळिंबात सुरसा अळी, मक्यात अमेरिकन लष्करी अळी. ही शेवटची २०१८ मध्ये कर्नाटकात पहिल्यांदा दिसली आणि त्याच वर्षी आपल्याकडच्या मक्यावर आली. कीड मारावी लागते. फक्त कोणती, किती झाल्यावर आणि कशानं, एवढंच विचारायचं.

उसावरचा लोकरी मावा आठवा. २००२ च्या पावसाळ्यात पश्चिम महाराष्ट्रात तो आला आणि बघता बघता उसाचे फड पांढरे झाले. पानाखाली कापूस चिकटल्यासारखा थर, त्यातून ठिबकणारा चिकट गोडसर द्रव, वर काळी बुरशी. लोकांनी टाकीवर टाकी फवारली. दहा फूट उंच उसात फवारा पोचतो कुठं? शेवटी मावा आटोक्यात आला तो मुख्यतः त्याला खाणाऱ्या किड्यांनी. डिफा नावाच्या पतंगाची अळी आणि मायक्रोमस नावाचा जाळीदार पंखांचा किडा. ज्या फडात त्या अळ्या होत्या तिथली पानं कापून दुसऱ्या फडात नेऊन टाकली गेली, कारखान्यांनीही वाटली. ज्यांनी फवारणी चालूच ठेवली त्यांच्या फडात मित्रकिडेही मेले.

कारण साधं आहे. मावा आठवड्या-दीड आठवड्यात पिढी वाढवतो. त्याला खाणारा ढालकिडा (लेडीबर्ड) किंवा क्रायसोपा नावाचा जाळीदार पंखांचा किडा सावकाश वाढतो. औषधानं दोघंही मरतात, पण उरलेला मावा आधी फुगतो आणि तोवर त्याला खायला कुणी शिल्लक नसतं. मग दुसरी फवारणी, तिसरी फवारणी.

जुनी माणसं तुरीच्या झाडाखाली पोतं अंथरून झाड हलवायची आणि पडलेल्या अळ्या गोळा करायची. तुरीत मधूनमधून ज्वारीचे दाणे टोकायची, कणसावर पक्षी बसावेत म्हणून. करडईवर मावा आधी बांधाकडच्या ओळींवर येतो, तिथंच लक्ष ठेवलं तर सगळं रान फवारायची वेळ येत नाही. वळवाच्या पावसानंतर तिन्हीसांजेला हुमणीचे भुंगेरे लिंबावर, बाभळीवर जमतात. फांद्या हलवून ते पाडले तर जमिनीत अंडी जाण्याआधीच काम होतं. पण हे एका शेतकऱ्यानं करून भागत नाही, सगळ्या शिवारानं चार संध्याकाळी करायला हवं. आणि तिथंच गाडं अडतं.

निळ्या किंवा हिरव्या त्रिकोणाचं औषध मधमाशीला चालतं ना?

या गैरसमजानं फार माश्या मारल्या आहेत. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण औषध माणसाला किती विषारी आहे ते सांगतो. निळा त्रिकोण असलेलं औषधही मधमाशीला जहाल असू शकतं. डब्यावर बारीक अक्षरांत मधमाश्यांबद्दलची सूचना असते, ती वाचा.

निंबोळी अर्क, दशपर्णी वापरलं तर?

पुष्कळ बरं. तरी उघड्या फुलांवर भर सकाळी नको.

वाळवीचंही कौतुक करायचं? आमचं दाराचं चौकट खाल्लं तिनं!

चौकटीपुरता तुमचा राग मान्य. घरातली वाळवी काढा, खुशाल काढा. पण जातींच्या हिशेबात घराला आणि पिकाला त्रास देणारी वाळवी मूठभर. बाकीची माळावर गपचूप वाळकं खात असते. ती जमीन पोखरते म्हणजे जमिनीला भोकं पाडते, आणि आपल्यासारख्या ठिकाणी भोकांना किंमत आहे. उन्हानं कडक पापुद्रा धरलेल्या रानावर वळवाची सर आली की पाणी वाहून जातं. वाळवीच्या बोगद्यांतून ते आत उतरतं.

पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशात लोकांनी हे ओळखून शेती केली. टणक झालेल्या रानात उन्हाळ्यात खड्डे खणायचे, त्यात शेणखत, पालापाचोळा टाकायचा. त्याच्या वासानं वाळवी येते, खालची माती भुसभुशीत करते, पाऊस आला की खड्ड्यात पाणी मुरतं आणि तिथं ज्वारी-बाजरी उगवते. याकुबा सावादोगो या शेतकऱ्यानं ही जुनी पद्धत सुधारून ओसाड जमिनीवर रान उभं केलं आणि २०१८ मध्ये त्याला राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. पाऊस त्याच्याकडेही आपल्याइतकाच. आपण नागपंचमीला वारुळाची पूजा करतो आणि दुसऱ्या दिवशी जेसीबी बोलावून तेच वारूळ सपाट करतो.

डास पण वाचवायचे का?

घरातले नाहीत. आपल्या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून घरोघरी पिंपं, टाक्या, हौद भरलेले असतात. डेंग्यूचा एडिस डास नेमक्या अशाच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून आतून घासायचं, कारण अंडी भिंतीला चिकटलेली असतात आणि पाणी ओतून दिलं तरी ती टिकतात. झाकण घट्ट हवं.

धुराचं यंत्र गल्लीत आलं की लोकांना बरं वाटतं. त्या धुरानं उडणारे डास मरतात, सोबत इतर किडेही मरतात, पण पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही. डासांच्या अळ्या खाणारे तर पाण्यातच असतात: चतुरांची पिलं, पाणकिडे, छोटे मासे. जिथं सांडपाणी सुटतं तिथं चतुर तगत नाहीत, डास मात्र मजेत.

चतुरांवरून आठवलं. पावसाळा संपताना मैदानांवर, शेतांवर पिवळसर चतुरांचे थवेच्या थवे घिरट्या घालताना दिसतात. त्यातली एक जात भारतातून समुद्रावरून मालदीवमार्गे थेट आफ्रिकेपर्यंत जाते. दोन इंचांचा किडा. होम मैदानावर तो डोक्यावरून गेला तर एकदा मान वर करून बघा.

मृगाचा किडा हल्ली दिसत नाही. संपला का?

लाल मखमलीसारखा, पहिल्या पावसानंतर ओल्या मातीवर चालणारा. लहानपणी काडेपेटीत ठेवला नाही असा खेड्यातला माणूस विरळा. आधी एक खुलासा: त्याला पाय आठ, म्हणजे तो कीटक नव्हे, कोळी-विंचवांच्या नात्यातला. वर्षातला बहुतेक काळ तो जमिनीखाली काढतो आणि पाऊस पडल्यावर वर येतो. लहानपणी तो नाकतोड्यांसारख्या किड्यांच्या अंगाला चिकटून वाढतो. म्हणजे जिथं नाकतोडे नाहीत, जमीन सतत नांगरलेली आहे किंवा सिमेंटखाली गेली आहे, तिथं तो येणार कुठून? नांगर न लागलेल्या माळावर तो अजून दिसतो. काडेपेटीत नका ठेवू, एवढंच.

किडे खरंच कमी झालेत, की तुम्हीच घाबरवताय?

पूर्वी पुण्याहून रात्री गाडीनं येताना टेंभुर्णीला थांबून काच पुसावी लागायची, आता लागत नाही, असं सगळे सांगतात. मलाही तसंच आठवतं. पण आठवण म्हणजे मोजमाप नव्हे.

मोजमाप जर्मनीत झालं. क्रेफेल्ड शहरातल्या हौशी कीटक अभ्यासकांनी १९८९ पासून ६३ संरक्षित ठिकाणी तंबूसारखे सापळे लावून, दर वेळी सापडलेल्या किड्यांचं वजन केलं. २०१७ मध्ये आकडे छापून आले: २७ वर्षांत उडणाऱ्या किड्यांचं वजन ७५ टक्क्यांहून जास्त घटलं होतं, आणि तेही राखीव जागांमध्ये. सगळीकडे असंच असेल असं नाही. काही भागांत काही गट टिकून आहेत, गोड्या पाण्यातले काही वाढलेही आहेत. मला त्या आकड्याइतकीच ती माणसं आवडतात. पगारी शास्त्रज्ञ नसताना ती जवळपास तीस वर्षं बाटल्या भरत राहिली. आपल्या माळाची अशी वही कुणी ठेवली असती तर या प्रश्नाला मी छातीठोक उत्तर दिलं असतं.

मधपेट्या ठेवल्या की झालं ना?

मध मिळेल, डाळिंबाला फायदाही होईल. पण ते पशुपालन झालं. कोंबड्या पाळून जंगलातले पक्षी वाचत नाहीत, तसंच. पेटीत बहुधा मेलिफेरा ही युरोपीय मधमाशी असते. आपल्या रानातल्या आग्या आणि फुलोरी माश्या पेटीत राहत नाहीत. शिवाय पोळंच न करणाऱ्या, एकेकट्या राहणाऱ्या माश्यांच्या कितीतरी जाती आहेत. त्यांतल्या बहुतेक जमिनीत पेन्सिलीएवढं बीळ करतात, काही वाळक्या काटक्यांत, तर काळा भोंगा जुन्या लाकडाला भोक पाडून राहतो. वांग्याच्या फुलाचा पराग नळीत अडकलेला असतो. भोंगा फूल धरून गुंऽऽ करून थरथरवतो तेव्हा तो सांडतो. पेटीतल्या माशीला हे जमत नाही. यांच्यासाठी बांधाचा एक तुकडा न खणलेला, न जाळलेला, तणनाशक न मारलेला ठेवा. खर्च शून्य. मात्र शेजारी म्हणतात ‘बांध घाण ठेवलाय’, ते ऐकून घ्यायची तयारी हवी.

आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. आम्ही काय करणार?

कढीपत्त्याची कुंडी ठेवा आणि तिच्यावर आलेली अळी मारू नका. सुरुवातीला ती पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मग हिरवी होते, आणि तीन-चार आठवड्यांत काळं-पिवळं फुलपाखरू उडून जातं. कढीपत्ता परत फुटतो. तुळशीला मंजिऱ्या येऊ द्या, दुपारी त्यांच्यावर फुलोरी माशी येते.

दुसरं, दिवे. पावसाळ्यात गॅलरीतला पांढरा दिवा रात्रभर जळत राहिला की शेकडो पतंग त्याच्याभोवती फिरून मरतात. पिवळसर दिव्यावर कमी येतात, बंद दिव्यावर येतच नाहीत.

सोसायटीच्या पाण्याच्या टाकीला आग्यामोहोळ लागलंय. जाळून टाकू?

आमच्या ओळखीच्या एका इमारतीत रात्री टेंभा करून जाळलं. सकाळी गच्चीवर चपलेखाली चुरचुरेल इतक्या मेलेल्या माश्या होत्या, आणि उरलेल्या चिडून दोन दिवस जिन्यात फिरत होत्या. आग्या माशी ऋतूप्रमाणे जागा बदलते. फुलोरा संपला की काही महिन्यांत पोळं सोडून आपणहून जाते. तोवर खाली फटाके, धूर, दगड, तीव्र वासाची फवारणी टाळा. शाळा किंवा दवाखान्याजवळ असेल, धोकाच असेल, तर माश्या न मारता पोळं हलवणारी प्रशिक्षित माणसं असतात, वन विभागाकडे चौकशी करा. ज्याला माशी चावून अंगावर गांधी येतात, धाप लागते, त्यानं मात्र धाडस न करता थेट दवाखाना गाठावा.

किड्यांना कायद्याचं संरक्षण आहे का?

काहींना. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत कित्येक फुलपाखरं आणि काही भुंगेरे आहेत. फुलपाखरांना टाचण्या टोचून संग्रह करायची जुनी हौस म्हणूनच सोडून द्या, फोटो काढा. २०१५ मध्ये महाराष्ट्रानं ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू केलं, असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. ते सह्याद्रीच्या ओलीतलं. आपल्याकडे ते बघायचा हट्ट नको.

मुलांना किडे दाखवायचेत. कुठं नेऊ?

लांब जाऊ नका. शनिवारी मारुतीला माळ घालायला ज्या रुईची पानं तोडता, त्याच झुडपापाशी मुलांना अर्धा तास बसवा. कोवळ्या शेंड्यावर पिवळाधमक मावा असेल. त्याच्यात ढालकिडा फिरत असेल, आणि ढालकिड्याची अळी दिसली तर ती याचंच पोर आहे हे मुलांना पटणार नाही. पानाखाली काळे-पांढरे-पिवळे पट्टे असलेली, काळी शिंगं मिरवणारी अळी असेल. रुईचा विषारी चीक तिच्या अंगात मुरतो, म्हणून पक्षी तिला तोंड लावत नाहीत आणि तिचं नारिंगी फुलपाखरूही निवांत उडतं. एखादा निळा-पिवळा रंगीत टोळ दिसेल, तो चिडवला की उग्र वासाचा फवारा सोडतो, तेव्हा तोंड जवळ नेऊ नका. आणि फुलांवर काळा भोंगा येईल. रुईचा पराग सुटा नसतो, पुडीत बांधलेला असतो. भोंग्याच्या पायाला ती पुडी अडकते आणि पुढच्या फुलाच्या फटीत नेमकी जाऊन बसते. मुलांना भिंग द्या. पाणी बरोबर ठेवा, आणि रुईचा चीक डोळ्याला लागू देऊ नका.